जून लागायच्या आधी

"मेंढपाल," ब्रदर म्हणतात, आणि पुढच्या बाकावरच्या निवृत्त शिक्षिका मान जराही न हलवता पुटपुटतात, "ळ. मेंढपाळ."

"आमचे हितं मेंढपालच बोलतान," माझ्या शेजारच्या आंटी तितक्याच हळू आवाजात बजावतात. दोघींची नजर वेदीवरच आहे.

रविवार, ११ मे २०२५. उरणमधलं शुद्धीकरण मातेचं चर्च. सकाळची मिस्सा अर्ध्यावर आलीय. पंखे फुल आहेत, पण फिरतेय ती गरमच हवा. बायकांच्या हातात मिस्सेची पत्रकं आहेत, निम्म्या जणी त्यांनी वारा घेतायत. पुनरुत्थानकाळातला हा चौथा रविवार जगभरचे कॅथलिक उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळतात. सहावे पॉल पोप असताना, १९६४ सालापासून, याच दिवशी नवे धर्मगुरू मिळावेत म्हणून प्रार्थना करायची रीत पडली. आज इथे प्रार्थनेच्या मागोमाग दानाची पिशवीही फिरणार आहे.

मी इथला धर्मग्रामस्थ नाही. आंटींचा शेजारी आहे, एवढंच. माझं अक्षर बरं आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय, त्यामुळे मिस्सेनंतर मला विकायच्या मसाल्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या आहेत. तोवर बसून ऐकतोय.

ब्रदर म्हणजे फादर व्हायच्या वाटेवरचा विद्यार्थी. समोरचे ब्रदर तेवीस-चोवीस वर्षांचे असतील. गोरेगाव पूर्वेला आरे रोडवर सेंट पायस टेन्थ कॉलेज आहे, मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी, तिथे ते शिकतात. उरण सरकारी नकाशावर रायगड जिल्ह्यात असलं तरी चर्चच्या नकाशावर मुंबईकडेच आहे. सेमिनरीला सध्या सुट्टी आहे, म्हणून काही आठवडे त्यांना इथे धाडलंय. पांढरा झगा घामाने पाठीला चिकटलाय. मेंढपाळाबद्दल ते छान बोलले. आता पैशाबद्दल बोलायचंय, तर कागद हातात गोल गुंडाळला गेलाय.

चर्चमध्ये पैशाचा विषय निघाला की माणसं चपलांकडे बघायला लागतात. देवळातही तेच होतं.

ब्रदर सरळ मागत नाहीत, आधी गोष्ट सांगतात. १८८९ साल. जपानातल्या नागासाकीच्या बिशपांनी फ्रान्समध्ये एक पत्र धाडलं. सेमिनरीत यायला मुलं तयार आहेत, पण त्यांना पोसायला पैसा नाही, परत पाठवायची वेळ आलीय, असा त्याचा मजकूर. पत्र पोचलं कां नावाच्या गावी, स्तेफनी बिगार आणि तिची मुलगी जान यांच्या हाती. या मायलेकींनी आपल्या गरजा कमी केल्या, जवळचं विकलं, वेदीची वस्त्रं शिवून दिली आणि ओळखीच्या घरांना गळ घातली की एकेका मुलाचा खर्च तुम्ही उचला. त्यातून प्रेषित संत पीटरच्या नावाची संस्था उभी राहिली आणि १९२२ साली थेट पोपच्या अखत्यारीत गेली. मिशनच्या मुलखातल्या सेमिनऱ्यांना आजही तिच्यामार्फत मदत जाते.

"त्या दोघींनी जपान कधी पाहिला नव्हता," ब्रदर म्हणतात आणि थांबतात. बहुधा इथे त्यांनी टाळ्यांची नाही, तरी निदान माना हलण्याची अपेक्षा धरली असावी. हलते ती एकच मान, एका आजोबांची, आणि तीही डुलकीने.

"सेमिनरीत जूनमध्ये नवं वर्ष सुरू होतं. पुस्तकं, जेवणखाण, वीज... तुम्ही जे द्याल ते." वाक्य अर्धं टाकून ब्रदर खाली उतरतात.

खर्चाचा हा प्रश्न सेमिनरीइतकाच जुना आहे. प्रत्येक धर्मप्रांताने आपली सेमिनरी काढावी असा ठराव ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली केला, आणि त्यातच पैसा कुठून आणायचा हेही लिहून ठेवलं. बिशपांच्या स्वतःच्या उत्पन्नापासून सगळ्या चर्चसंस्थांच्या उत्पन्नातून काही वाटा कापायचा. मुलं घेताना गरिबांची आधी घ्यायची. श्रीमंतांच्या मुलांना मज्जाव नाही, पण त्यांनी आपल्या खर्चाने यायचं. सोळाव्या शतकातल्या फीमाफीचं हे कलम आपल्याकडच्या कित्येक खासगी कॉलेजांच्या कार्यालयात फ्रेम करून लावण्यासारखं आहे. चर्चच्या आजच्या कायद्यातही बिशपांना सेमिनरीसाठी धर्मप्रांतावर कर बसवता येतो. तरी इथे आज लांब दांड्याची मखमली पिशवीच फिरतेय, आणि मला तेच बरं वाटतं. कर भरणारा माणूस ब्रदरांचा 'ळ' सुधारायला जात नाही.

पिशवी आमच्या बाकावर येते. आंटी ब्लाउजमधून घामाने मऊ झालेली पन्नासची नोट काढतात, चार घड्या घालतात आणि हात पार आत घालून सोडतात, किती दिले ते मलाही दिसू नये म्हणून. मला दिसलेलं असतं.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना सुरू होतात. नव्या पोपसाठी, धर्मगुरूंसाठी, पाचारणासाठी, म्हणजे धर्मगुरू व्हायची हाक तरुणांना ऐकू यावी म्हणून. मग शांततेसाठी, आणि इथे मात्र उत्तराचा आवाज एकदम चढतो. गेल्या बुधवारी नागरी संरक्षणाच्या तालमी झाल्या, तेव्हा पहिल्या वर्गातल्या ठिकाणांत मुंबई आणि तारापूरच्या जोडीला उरणचं नाव होतं. ओएनजीसी इथे, बंदर इथे, नौदल इथे. काल संध्याकाळी भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीची बातमी आली, तरी गावाच्या अंगातून ती धास्ती अजून गेलेली नाही.

मिस्सा संपते आणि सगळी गर्दी आवारातल्या सावलीकडे धावते. दोन टेबलं मांडलीयत. एकावर लोणच्याच्या बरण्या, जवळा आणि सुके बोंबील. दुसरं टेबल आंटींचं. त्याच्यावर बॉटल मसाला.

ज्यांनी हा मसाला पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई, साष्टी, वसई आणि या खाडीच्या काठच्या जुन्या, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली त्या वेळी, स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतलं. नाव इंग्रजांच्या सोयीचं घेतलं. मसाला आजीचाच ठेवला. पावसाच्या आधी, कडक उन्हात तो करायचा. मिरच्या, हळकुंडं, धणे, तीळ, खसखस, मोहरी, दालचिनी, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, आणि बाहेरच्या माणसाला कधी सुचणार नाहीत असे भाजलेले गहू आणि हरभऱ्याची डाळ. एकूण जिन्नस किती, हे दोन घरांना विचारलं तर दोन आकडे मिळतात आणि वर एक भांडण.

आंटींच्या समोर तपकिरी बियरच्या बाटल्या ओळीने उभ्या आहेत. धुवून, उन्हात वाळवून आणलेल्या. मांडीशी पातेलं, त्यात विटकरी रंगाचा मसाला. वर्तमानपत्राचा कोन करून त्या तो बाटलीच्या तोंडात खोचतात, पळीने मसाला सोडतात, बाटली घडी घातलेल्या गोणपाटावर दणादण आपटतात. मसाला दोन बोटं खाली बसतो. मग बारीक काठी आत घालून ठासतात. पुन्हा पळी, पुन्हा आपट, पुन्हा काठी. "आत हवा ऱ्हायली का मसाला गेला," त्या सांगतात. बाटली काळपट हवी, म्हणजे उजेड लागत नाही आणि रंग उतरत नाही. भरलेली बाटली हातात घेतली की वीट उचलल्यासारखी जड लागते. मी चिठ्ठीवर लिहितो, 'बॉटल मसाला, सेमिनरीच्या मदतीसाठी', आणि शिंकतो. चिठ्ठी वाया जाते.

"कुटायला बाया मिळत न्हाईत आता," आंटी म्हणतात. "उखळात मुसळांचा ताल असायचा आमचे आयेच्या टायमाला. या खेपेला मिरची कांडपवाल्याकडून आणला. ब्रदरला नको सांगू."

ब्रदर तिथेच उभे आहेत. गिऱ्हाइकांना पिशव्या देण्याचं काम त्यांना लावलंय. नावाजलेल्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेला हा मुलगा गेली पंधरा मिनिटं सुट्टे पैसे मोजण्यात हरतोय.

गर्दी बघण्यासारखी आहे. ओएनजीसीतून निवृत्त झालेले मंगळुरी काका, गोव्याच्या दोन बहिणी, नौदलातलं एक तमिळ कुटुंब. कंटेनर यार्डात काम करणारी झारखंडची मुलंही आहेत, इस्त्रीचे शर्ट घालून, थोडी कडेला. त्यांच्याकडच्या छोटानागपूरच्या गावांतून कितीतरी मुलं धर्मगुरू होतात. उरणच्या चर्चमधून गोरेगावला कुणी जाऊन किती काळ झाला, यावर टेबलापाशी वाद चाललाय आणि तो मिटायचं चिन्ह नाही.

"घरात एक पोरगा, त्याला कोण देतो सेमिनरीत?" लोणच्याच्या टेबलामागची बाई विचारते. "आमचे सासूला सात होते. एक गेला तरी सहा ऱ्हायचे."

गणित खरं आहे. भाषण करणारे पाचारण कमी होण्याची कारणं फार खोल शोधायला जातात, या बाईने लोणचं भरता भरता एक सांगून टाकलं.

"आणि गेलेला टिकतोच असं कुठाय?" बंदरातून निवृत्त झालेले एक अंकल पुढे सरसावतात. "आपण सात वर्षं पैसे भरायचे आणि आठव्या वर्षी याची लग्नाची पत्रिका."

"पत्रिका आली ना तुम्हाला? जेवून आलात ना?" शिक्षिका बाई विचारतात.

"जेवून आलो. मटण बरं होतं."

"मग झालं तर."

अंकल हसतात, पण मुद्दा सोडत नाहीत. ब्रदरांकडे वळून विचारतात, "किती वर्षं लागतात रे बाबा, सगळी मिळून?"

ब्रदर बोटांवर मोजतात. आधी तयारीचा काळ. मग तत्त्वज्ञान. मध्ये पुस्तकं बाजूला ठेवून एखाद्या धर्मग्रामात काम. मग ईश्वरशास्त्राची वर्षं. मग डीकन, म्हणजे फादरच्या आधीची पायरी, आणि मग गुरुदीक्षा. आठ तरी धरा, दहाही होतात. दरम्यान कुणीही, कधीही, त्यांना घरी जा म्हणू शकतं, किंवा ते स्वतः जाऊ शकतात.

"डॉक्टर होतो की इतक्यात," अंकल म्हणतात.

"डॉक्टरला कर्ज मिळतं, अंकल," ब्रदर म्हणतात. हे मात्र त्यांनी चटकन म्हटलं, कागदाशिवाय.

दहावीचा निकाल लागायचाय असा एक मुलगा हे सगळं कान देऊन ऐकतोय. तो विचारतो, "किती टक्के लागतात?" त्याची आई जवळ्याच्या पिशव्यांतून एकदम मान वर करते. मुलगा गप्प. आई पुन्हा जवळा निवडायला लागते, पण आता तिचं लक्ष जवळ्यात नाही.

सावलीतल्या खुर्चीवर मघाचे डुलकीवाले आजोबा आता टक्क जागे आहेत. पोपचा विषय निघालाय ना. १९६४ च्या डिसेंबरात युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. इथल्या मोरा बंदराहून लाँचने मुंबईत भाऊच्या धक्क्यावर, तिथून चालत ओव्हल मैदानावर. "पोप बघितला म्हणून सगळ्यांना सांगतो," आजोबा म्हणतात, "दिसली फक्त पांढरी टोपी. बाकी पुढच्या बाईचा अंबाडा." परत येताना ओहोटी लागली आणि लाँच गाळात. आताची पोरं उरण स्टेशनला लोकलमध्ये बसून नेरूळला उतरतात, त्यांना ओहोटीचं वेळापत्रक पाठ नसतं, याचं आजोबांना वाईट वाटतं.

त्या काँग्रेसचे यजमान होते कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस. कराचीत जन्मलेले, १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल झालेले. ते शिकले होते श्रीलंकेतल्या कँडीच्या पेपल सेमिनरीत. ती सेमिनरी तेरावे लिओ यांनी १८९३ साली काढली. भारताला आपल्या मातीतले धर्मगुरू हवेत असं त्यांनी पत्र लिहून जगाला सांगितलं आणि युरोपातल्या भाविकांपुढे चक्क हात पसरला. १९५५ साली ती पुण्याला आली, ती नगर रोडवर अजून आहे. परवा गुरुवारी निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं, चौदावे. काल त्यांनी कार्डिनलांना सांगितलं की नाव घेताना मनात मुख्यतः तेरावे लिओच होते, कामगारांविषयीच्या त्यांच्या परिपत्रकामुळे. पण सेमिनरीशीही या माणसाचं जुनं नातं आहे. पेरूमधल्या त्रुहियो शहरात ऑगस्टिनियन मुलांना घडवण्याचं काम त्यांनी कितीतरी वर्षं केलं, तिथल्या सेमिनरीत शिकवलं. हे ब्रदरांनी मोबाइलवर वाचून दाखवलंय आणि आजोबांना ते सगळ्यात पसंत पडलंय. "म्हंजे मास्तर हाय."

मातीतला धर्मगुरू ही गोष्ट इथे पुस्तकी नाही. समोर द्रोणागिरीच्या माथ्यावर पोर्तुगीजांच्या चर्चच्या पडक्या भिंती आहेत. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्याच धामधुमीत हे करंजा बेट, म्हणजे उरणची ही भूमीही, मराठ्यांकडे आलं. युरोपीय पाद्री निघून गेले. मागे उरलेल्या वस्त्या सांभाळल्या त्या देशी धर्मगुरूंनी. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधी गोव्यात दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रो यांना आपल्याच गावात दीक्षा नाकारली गेली होती. ते रोमला गेले, तिथे शिकले, दीक्षा घेतली आणि बिशप होऊन परत आले, ते आदिलशाही मुलखासाठी. इतक्या लांबून फिरून यावं लागू नये, म्हणूनच तर सेमिनरी जवळ हवी. गोव्यातच रायतूरला १६१० मध्ये जेझुइटांचं कॉलेज आलं, पुढे तिथेच सेमिनरी झाली. थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली त्याच जागी छापलं गेलं. मराठी साहित्याचे विद्यार्थी परीक्षेपुरतं हे साल पाठ करतात. स्टीफन्स इंग्रज होते आणि त्यांच्या ओव्यांत 'ळ' जागच्या जागी आहे, हे मी ब्रदरांना सांगतो. ते कानाला हात लावतात.

"त्यांना शिकवायला कोण होतं?" ते विचारतात.

"असतील अशाच कुणी बाई, पुढच्या बाकावर."

शिक्षिका बाईंनी तेवढ्यात त्यांना गाठलंय. रोज संध्याकाळी पाच वाजता अर्धा तास, घरी यायचं, चहा मिळेल, 'ळ' आणि 'ण' दोन्ही येईपर्यंत सुटका नाही. ब्रदर हो म्हणतात. नाही म्हणायची सोयच नाही.

दुपार चढते तशी टेबलं रिकामी होतात. मसाल्याच्या तीन बाटल्या उरल्यायत. दोन आंटींनी ब्रदरांच्या पिशवीत घातल्या, सेमिनरीच्या स्वयंपाकघरासाठी. त्यावर सूचना अशा: मटणाला दोन चमचे, माशाला एक, भाजीत घालायचा नाही, ओला चमचा बुडवायचा नाही, आणि आचाऱ्याने कमी घातला तर मला फोन करायचा. ब्रदर गुंडाळलेला कागद उलगडून मागच्या कोऱ्या बाजूवर हे उतरवून घेतात.

ऑफिसात मोजणी सुरू झालीय. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलंय, पिशवी त्यावर उपडी केलीय. भिंतीवर अजून पोप फ्रान्सिस हसतायत. नवा फोटो यायला वेळ आहे, आणि खजिनदार काकांना घाईही नाही. मोजायला दोघे असतात, एकट्याने मोजायचं नाही असा इथला नियम आहे. फादर या खोलीत डोकावतही नाहीत. नोटा सरळ करून दहा दहाच्या गड्ड्या. काही नोटांना बोंबलांचा वास, काही घामाने ओल्या, त्या पंख्याखाली पसरल्यायत आणि उडू नयेत म्हणून त्यांच्यावर स्टेपलर. एक पाचशेची इतकी बारीक घडी केलेली की उलगडताना फाटेल असं वाटतं. एका पाकिटावर हिंदीत चार नावं लिहिलीयत, यार्डातली मुलं. पाकीट जाड नाही, पण आतल्या नोटा कोऱ्या आहेत.

"एटीएममधून काढून आणल्या वाटतं," मोजणारी मुलगी म्हणते.

"मग काय ऑनलाइन टाकता येत नव्हतं? कोड लावलाय बाहेर," काका कुरकुरतात, पण पाकीट वेगळं ठेवतात, फादरांना दाखवायला.

बेरीज दोनदा होते. पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा दहा रुपयांचा फरक येतो. तिसऱ्यांदा नाणं वर्तमानपत्राच्या घडीत सापडतं. काका रजिस्टरात आकडा मांडतात, अक्षरी लिहितात, खाली रेघ ओढतात, दोघे सह्या करतात. पेनाला टोपण लागतं. मुलगी हात धुवायला उठते.

दारात बंदराच्या गणवेशातला एक माणूस उभा राहतो. डोळे तांबारलेले, हेल्मेट काखेत. रात्रपाळी, मग ट्रेलरच्या रांगेत अडकलेली बस, मिस्सा गेली. त्याला द्यायचेत, सेमिनरीसाठी.

"रजिस्टर बंद झालं," काका म्हणतात.

"उघडा की."

"पुढच्या रविवारी दे."

"पुढच्या रविवारी डबल ड्यूटी आहे, काका."

आंटी बाहेरून ओरडतात, "त्याला विचारा, एक बाटली ऱ्हायलीय, घेतो का!"

"घेतो," तो म्हणतो. "पण पावती दोन्हीची वेगळी."

काका त्याच्याकडे बघतात, रेघेकडे बघतात, सह्यांकडे बघतात. मग टोपण काढतात.

"नाव सांग. आणि सुट्टे दे, माझ्याकडं परत द्यायला नाहीत."